कॉमिक्सकडे परत वळताय? मग नायकाच्या मागे धावू नका

शाईचा डाग

उलटपान यांनी परवा ‘सध्या काय वाचताय’ धाग्यावर एक पिंक टाकली. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबत गेलं म्हणून हा वेगळा धागा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चाळिशीत कॉमिक्सकडे परतणारे लोक कॉमिक्स वाचत नाहीत, स्वतःचं लहानपण वाचतात. खरंच काही नवीन वाचायचं असेल तर चारदोन गंभीर ग्राफिक नॉव्हेलं वाचावीत आणि गप्प बसावं. बाकी सगळी रद्दी.

जुनी कॉमिक्स काढून बसलं की निम्मी टिकत नाहीत हे खरंच आहे. चित्रात नायक दार फोडताना दिसतोय आणि वरच्या पट्टीत लिहिलंय, ‘नायक दार फोडतो’. अशी पानंच्या पानं. पण त्यावरून माध्यम पोरकट ठरत नाही, ती ठरावीक कॉमिक्स पोरकट ठरतात.

गंमत अशी की परतणारा माणूस जातो कुठे, तर ओळखीच्या नायकाकडे. सुपरमॅन आवडायचा ना, मग सुपरमॅनच. आणि तिथे दारातच अडकतो. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ १९३८ला सुरू झालं. २०११मध्ये डीसीने (सुपरमॅन-बॅटमनचे प्रकाशक) ५२ मालिका एकदम पुन्हा क्रमांक १ पासून काढल्या. मग २०१६मध्ये वाटलं की जुनाच क्रम बरा, म्हणून ‘अ‍ॅक्शन’चा पुढचा अंक थेट ९५७! २०१८ला हजारावा. आता नव्याने येणाऱ्याने यातला कुठला अंक ‘पहिला’ समजायचा? दोन महिन्यांत तो कंटाळतो आणि म्हणतो, आता पूर्वीची मजा राहिली नाही.

माझा अनुभव वेगळा. मी नायक सोडले आणि श्रेयनामावली वाचायला लागलो. लहानपणी ती ओळ कोण वाचत होतं? कथा कोणाची, पेन्सिल कोणाची, शाई कोणी केली. उरासावा या जपानी चित्रकथाकाराचं ‘मॉन्स्टर’ हाती लागलं. १८ खंड, एकच कर्ता, पहिला खंड म्हणजे खरोखर पहिला आणि शेवटचा म्हणजे शेवट. तिथून त्याचंच ‘प्लूटो’. ते तेझुकाच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’मधल्या एका कथेवर बेतलेलं, म्हणून मग तेझुका. आता यातलं एकही पान मी लहानपणी पाहिलेलं नव्हतं. मग हे कुठलं स्मरणरंजन, उलटपान?

आणि तुमच्या ‘गंभीर’ यादीबद्दल. ‘माऊस’ला (नाझी छळछावण्यांवरची स्पीगेलमनची चित्रकथा) १९९२मध्ये पुलित्झर मिळालं म्हणून ते तुम्हाला चालतं. तेच ‘माऊस’ १९८०पासून ‘रॉ’ नावाच्या चित्रकथांच्या नियतकालिकातून हप्त्याहप्त्याने येत होतं. म्हणजे पुलित्झर यायच्या आधी तीही रद्दीच होती म्हणायची.

उलटपान

माझ्या दोन ओळींवर एवढा मोठा धागा! धन्य झालो.

मी ‘रद्दी’ म्हणालो ते वाचायला लागणाऱ्या वेळावरून. वीस पानं, दहा मिनिटं, आणि पुढच्या आठवड्यात विचारलं तर त्यातलं काही आठवत नाही. वर मेलेला माणूस मेलेलाही राहत नाही. १९९२ला सुपरमॅनला मारला, लोक दुकानांबाहेर रांगा लावून रडले, आणि पुढच्याच वर्षी हा गडी परत हजर. ज्या कथेत मरणालाही किंमत नाही तिच्यावर मी माझी संध्याकाळ का घालवू?

आणि ‘परतणाऱ्यां’बद्दल मी ऐकीव बोलत नाही. माझा थोरला भाऊ असाच परतला. जाडजूड बांधीव खंडांनी भिंत भरली. प्रत्येकाला प्लास्टिकचं वेष्टन. मी एक काढून उघडायला गेलो तर ओरडला, ‘कणा मोडेल!’ पुस्तकाचा कणा हो, माझा नाही. त्याने त्यातलं एकही वाचलेलं नाही, विचारलं तर विषय बदलतो. हे प्रेम असेल तर असो.

तिसरी घंटा

उलटपान, भाऊ वाचत नाही हा भावाचा दोष. पुस्तकाचा कसा?

अवांतर: मला राग आहे तो फोनवर उभं सरकवत वाचायच्या प्रकाराचा. पान उलटलं की समोर काय येणार, ही धाकधूक हेच तर कॉमिक्सचं हत्यार. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कोणीतरी दचकून मागे बघतो आणि तुम्ही पान उलटता. अंगठ्याने सरकवताना ते कसं होणार?

आडवा प्रश्न

सरकवतानाही होतं. दोन चौकटींच्या मध्ये लांबलचक काळी जागा सोडतात, सरकवता सरकवता पोटात गोळा येतो. तुम्ही वाचलं नाहीये, नुसता राग धरलाय.

नवशिकी

मला खरंच सुरुवात करायची आहे. लहानपणी कॉमिक्स वाचलेली नाहीत, त्यामुळे परतण्याचा प्रश्नच नाही. एकच नाव सांगा ना कोणीतरी.

सावळागोंधळ

नवशिकी, काहीही घ्या, फक्त नव्याने रंगवलेली आवृत्ती घेऊ नका.

हा माझा जुना ठणका आहे, तेव्हा सहन करा. लहानपणी वाचलेली एक मालिका नव्या छपाईत मागवली. गुळगुळीत पांढराशुभ्र कागद आणि रंग असे की डोळ्यांना चष्मा लागावा. चेहऱ्यांवर संगणकाने चढवलेली चकाकी, प्रत्येक माणूस तेल लावून आलाय. आकाशाला निळ्यातून जांभळ्यात जाणारी छटा. मूळचा साधा सपाट पिवळा गेला, त्याबरोबर रात्रीची भीतीही गेली. आता जुन्या अंकांचे कोणीतरी काढलेले पिवळट स्कॅन बघतो, त्यात निदान ती रात्र आहे.

निळी पेन्सिल

सावळागोंधळ, मी रंगकाम करते, पोटासाठी. त्यामुळे थोडं ऐका.

तो ‘साधा सपाट पिवळा’ कोणी प्रेमाने निवडलेला नसायचा. त्या अमेरिकी छपाईत निळा, किरमिजी आणि पिवळा यांच्या प्रत्येकी चार पातळ्या मिळायच्या, म्हणजे सगळे मिळून ६४ रंग. कागद न्यूजप्रिंटचा, शाई पिणारा, म्हणून रंग मुद्दाम भडक ठेवायचे. कागद तो भडकपणा खाऊन टाकायचा. तेच प्रमाण आज चकचकीत कागदावर छापलं की डोळ्यात खुपतं. म्हणजे तुमच्या पुस्तकात नवे रंग दिले हा गुन्हा असेलच असं नाही. कधी कधी जुनेच रंग, कागदाचा विचार न करता छापले, हा असतो.

चकाकीबद्दल मात्र सहमत. ती आम्हा लोकांचीच पापं.

सावळागोंधळ

तांत्रिक माहितीबद्दल आभार, पण माझ्या मनातली रात्र त्या कागदावरच होती. मी वाचक आहे. मला जो रंग भेटला तो खरा. फँटमचंच बघा. फँटम जांभळा! उद्या कोणी उठून तपकिरी केला तर तो फँटमच नव्हे.

आडवा प्रश्न

केलाय की. न्यूझीलंडमध्ये तपकिरी होता. इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल, स्कँडिनेव्हियात निळा. १९३६ला वर्तमानपत्रात फँटमची चित्रपट्टी सुरू झाली तेव्हा कृष्णधवल होती आणि त्याचा निर्माता ली फॉक याच्या डोक्यात तो राखाडी होता. रविवारच्या रंगीत पुरवणीत १९३९ला जांभळा झाला. तुमचा ‘खरा’ फँटम हा एका छापखान्याचा निर्णय आहे.

सावळागोंधळ

छान. म्हणजे इटलीत कोणीतरी लाल फँटमसाठी जीव टाकत असेल, आणि तोही बरोबरच. माझा मुद्दा सिद्ध केल्याबद्दल ऋणी आहे.

शाईचा डाग

मंडळी, धागा कॉमिक्स शोधायचे कसे यावर होता. पण हरकत नाही, रंगावरच बोलू. तरीही कर्त्याच्या मागे जा, हेच माझं उत्तर. बॅटमनचं ‘किलिंग जोक’ १९८८चं. २००८च्या आवृत्तीत चित्रकार बोलंडने स्वतः सगळं पुस्तक पुन्हा रंगवलं. भूतकाळाचे प्रसंग जवळजवळ कृष्णधवल, त्यात एखादीच वस्तू लाल. बॅटमनच्या छातीवरचं पिवळं वर्तुळही काढलं. चित्रकाराला जे हवं होतं ते शेवटी त्याला मिळालं. वाचकाने तक्रार का करावी?

निळी पेन्सिल

इथे माझं डोकं फिरतं.

‘चित्रकाराला हवं होतं’ हे कळलं. पण १९८८चे ते नारिंगी, जांभळे, जत्रेच्या दिव्यांसारखे रंग जॉन हिगिन्सचे होते. ते कोणाला हवे होते, याची किंमत शून्य? तो माणूस त्या पुस्तकाचा सहकर्ता होता. तुमच्या श्रेयनामावलीत कथा आली, पेन्सिल आली, शाई आली. रंग आला नाही, अक्षरं आली नाहीत. वर जाऊन स्वतःचीच ओळ वाचा.

मी एक अख्खं पुस्तक रंगवलं होतं. प्रकाशकाचं नाव घेत नाही. छापून आलं तेव्हा माझं नाव होतं मागच्या बाजूला, छपाईच्या तपशिलांत, कागदाच्या प्रतीच्या खाली. परीक्षणं आली, त्यातल्या एकात ‘चित्रकाराचा रंगांवरचा ताबा’ असं वाक्य होतं. चित्रकाराने ते मला अभिमानाने पाठवलं! अजून त्याच्याशी बोलते, पण जेवढ्यास तेवढं.

उलटपान

आता मजा आली. शाईचा डाग, कर्त्याच्या मागे जा म्हणता, तो कर्ता नेमका कोण? कथाकार, पेन्सिलवाला, शाईवाला, रंगवाला की फुग्यांत अक्षरं लिहिणारा? पाच जणांची वरात आहे. कादंबरीत हा घोळ नसतो म्हणून मी कादंबरी वाचतो.

शाईचा डाग

घोळ नाही, सोय आहे. एकाच पुस्तकातून पाच वाटा फुटतात. कथाकाराचा कंटाळा आला तर चित्रकाराच्या दुसऱ्या पुस्तकाकडे जा. रंगकाराच्या मागे जाऊन बघा, तेही सुचवतो (निळी पेन्सिल, हे तुम्ही भांडलात म्हणून). ‘भीमायन’, आंबेडकरांचं चित्रचरित्र, २०११चं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची गोंड चित्रं. ठरलेल्या चौकटीच नाहीत, पानच वेलबुट्टीने वाटून घेतलेलं. बोलण्याच्या फुग्यांचे आकार बोलणाऱ्याच्या स्वभावावरून बदलतात, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. ते वाचल्यावर मी दुसरं चरित्र शोधत बसलो नाही, गोंड चित्रांची पुस्तकं शोधली. नायकाच्या मागे गेलो असतो तर हे झालं नसतं.

निळी पेन्सिल

कंसात का होईना, आलो आम्ही. चालेल.

सावळागोंधळ

म्हणजे एकूण असं: चित्रकाराने बदललं तर रंगकारावर अन्याय, छापखान्याने बदललं तर ती परंपरा, आणि वाचकाला विचारायचंच नाही. टिनटिनचं घ्या. पहिली पुस्तकं कृष्णधवल होती, पुढे त्याचा कर्ता एर्जे याने रंगीत करताना ती पुन्हा काढली, ६२ पानांत बसवली. ठीक, त्याची होती. पण रशियावरचं पहिलं पुस्तक त्याने कधी रंगवलं नाही. तो १९८३ला गेला आणि २०१७ला ते रंगवून विकायला काढलं! तेव्हा कोणाच्या मागे जायचं होतं?

निळी पेन्सिल

ज्याने ते २०१७ला रंगवलं त्याच्या मागे नाही, एवढं निश्चित. यावर आपलं एकमत आहे हे मला अजिबात आवडलेलं नाही.

सावळागोंधळ

मलाही.

तिसरी घंटा

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (आडवा प्रश्न यांना उद्देशून होता. सरकवून वाचलं. काळी जागा चालते. याहून जास्त बोलणार नाही.)

नवशिकी

कोणीच उत्तर दिलं नाही, म्हणून मी वर आलेल्या नावांतून ‘प्लूटो’चा पहिला खंड घेतला. उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं हे कोणी सांगितलं नाही. मी शेवटचं पान आधी पाहिलं, आणि ते पाहायला नको होतं. असो. युद्धात लढलेला यंत्रमानव एका आंधळ्या, तुसड्या संगीतकाराच्या घरी नोकर होतो आणि पियानो शिकायचं म्हणतो, तो भाग रात्री वाचला. उलटपान, मरणाला किंमत नसते म्हणालात ना? हा भाग वाचा आणि मग सांगा. आणि पुस्तक कृष्णधवलच आहे, तेव्हा रंगवाल्यांनी कृपया शांत राहावं.

उलटपान

यंत्रमानवाचं मरण. बरं. भावाच्या भिंतीवर ते दिसलं होतं, वेष्टनातच. कणा मोडला तर मोडला, काढून बघतो. आवडलं तर इथे सांगणार नाही.

‘माऊस’ हप्त्यांत यायचं हा मुद्दा मान्य. बाकीचे नाहीत.

आणि टिनटिन एवढं काढलंच आहे तर विचारतो. भाच्याला ‘ब्लॅक आयलंड’ द्यायचंय. ब्रिटिश प्रकाशकाने तपशिलांच्या चुका काढल्या म्हणून १९६६ला ते सबंध नव्याने काढलं म्हणे. ते द्यावं की आधीचं?

सावळागोंधळ

आधीचं. विचारायलाच नको.

निळी पेन्सिल

१९६६चं. त्यासाठी स्टुडिओतला माणूस ब्रिटनला जाऊन आगगाड्यांपासून गणवेशांपर्यंत सगळं रेखाटून आला होता. ती मेहनत पोराला दिसू दे.

सावळागोंधळ

आगगाड्या बरोबर आणि पुस्तक चुकीचं. आधीचं द्या.