जपानमध्ये इंग्रजीचे शिक्षक म्हणून रोजचे जगणे कसे असते?

प्रश्न

गेली नऊ वर्षे मी माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवते आहे. जपानमधल्या सरकारी शाळांना सहायक भाषाशिक्षक, म्हणजे तिथे ज्यांना एएलटी म्हणतात ते, पुरवणाऱ्या एका कंपनीने माझी मुलाखत घेतली असून एप्रिलपासून रुजू व्हाल का, अशी विचारणा केली आहे. नेमणूक कोणत्या गावी होईल हे अद्याप सांगितलेले नाही. एक माध्यमिक आणि दोन प्राथमिक शाळा आलटून पालटून कराव्या लागतील, एवढेच कळले आहे. पगार आणि व्हिसा यांची जुजबी माहिती मी मिळवली आहे, परंतु तिथला दिवस कसा जातो हे मात्र कोणी नीट सांगितलेले नाही. वर्गात माझ्या म्हणण्याला कितपत वाव असेल? इंग्रजी ही माझी मातृभाषा नाही, याची अडचण शाळेतही येते की ती नोकरी मिळेपर्यंतच असते? मी शाकाहारी आहे आणि मला जपानी जेमतेम वाचता येते. ज्यांनी तिथे शिकवले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद 1

मी नागानो प्रांतातल्या एका छोट्या गावी चार वर्षे एएलटी होतो. मला गावाच्या शिक्षण मंडळाने थेट नेमले होते, त्यामुळे कराराच्या बाबतीत माझा अनुभव आपल्याला लागू पडणार नाही. दिवसाबद्दल मात्र सांगू शकतो.

सकाळी आठच्या सुमारास शाळेच्या दाराशी बाहेरचे बूट काढून कप्प्यात ठेवायचे, आतले बूट घालायचे आणि शिक्षकांच्या खोलीत शिरताना सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘ओहायो गोझाइमासु’, म्हणजे सुप्रभात, म्हणायचे. हा आवाज पहिल्या आठवड्यात माझ्या तोंडून निघत नसे, आणि मी मान खाली घालून जागेवर जाऊन बसत असे. ती माझी सर्वांत मोठी चूक होती. त्या खोलीत टेबले एकमेकांना जोडून मांडलेली असतात, उपमुख्याध्यापक सर्वांना दिसतील असे बसतात, आणि रोजच्या छोट्या बैठकीत काय ठरले हे आपल्याला कोणी आपणहून सांगेलच असे नाही. त्यात दुजाभाव नसतो; ज्याचा त्याचा दिवस इतका भरलेला असतो की विचारणाऱ्यालाच उत्तर मिळते. मी रोज शेजारच्या शिक्षिकेला ‘आज वेळापत्रकात काही बदल आहे का’ एवढे एकच वाक्य जपानीत विचारू लागलो, आणि दोन महिन्यांनी त्या स्वतःच माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवू लागल्या.

माध्यमिक शाळेत तास 50 मिनिटांचा आणि प्राथमिक शाळेत 45 मिनिटांचा असतो. प्राथमिक शाळेत 2020 च्या एप्रिलपासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि तिसरी-चौथीला परकीय भाषेची ओळख करून देणारे तास सुरू झाले, त्यामुळे तिथे आपली गरज खरी असते. तेथील अनेक वर्गशिक्षकांनी स्वतः कधी इंग्रजी शिकवलेले नसते आणि ते आपल्याकडे आशेने पाहतात. माध्यमिक शाळेत मात्र वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाची असते, गुणही तोच देतो, आणि प्रवेशपरीक्षेच्या ओझ्यामुळे काही शिक्षक आपल्याला फक्त धडा मोठ्याने वाचायला सांगतात. मलाही पहिले सहा महिने टेपरेकॉर्डरसारखे वापरले गेले. नऊ वर्षांचा अनुभव असलेल्या आपल्यासारख्या शिक्षिकेला हे जड जाईल, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्यावर मला सापडलेला उपाय असा, की तक्रार करण्याऐवजी पुढच्या आठवड्याच्या धड्यासाठी पाच मिनिटांचा एक तयार खेळ कागदावर लिहून द्यायचा. पाचाची दहा मिनिटे झाली, आणि दुसऱ्या वर्षी निम्मा तास माझ्याकडे आला.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाला एक गोष्ट उपयोगी पडते, ती मला वर्गातच उमगली. जपानी मुले आपली अक्षरे आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा क्रमाने म्हणतात. हा क्रम बौद्ध धर्माबरोबर पोचलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे. जपानीत जवळजवळ प्रत्येक अक्षराच्या शेवटी स्वर येत असल्याने ‘मिल्क’ चे ‘मिरुकु’ होते. ‘पाय मोडलेले अक्षर’ ही कल्पना आपल्या डोक्यात लहानपणापासून असते. ती मी फळ्यावर ‘कु’ मधला ‘उ’ खोडून दाखवली, तेव्हा मुलांना शेवटचा स्वर गिळायचा म्हणजे काय ते चटकन कळले.

परंतु माझ्या मते आपली खरी शिकवणी वर्गाबाहेर होते. दुपारच्या जेवणानंतर सोजीची, म्हणजे साफसफाईची वेळ असते. मुले आणि शिक्षक मिळून वर्ग, जिने आणि स्वच्छतागृहे झाडतात-पुसतात. एकदा व्हरांड्यात मी ओले फडके आपल्या सवयीने आडवे धरून पिळत होतो. पाचवीतली एक मुलगी, जिने वर्गात तोवर तोंड उघडलेले नव्हते, माझ्यासमोर येऊन थांबली. तिने फडके माझ्या हातातून घेतले, उभे धरले, एक हात वर आणि एक हात खाली ठेवून ते घट्ट पिळले, शेवटचा थेंब बादलीत पडेपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, ‘लाइक धिस.’ हे दोन शब्द मी पंधरा दिवसांपूर्वी कागदाच्या घड्या घालायला शिकवताना वापरले होते, आणि त्या तासाला कोणीही ते माझ्यामागून म्हटले नव्हते. त्या दिवसानंतर मी सोजीचा एकही दिवस चुकवला नाही.

संध्याकाळी निघताना ‘ओसाकिनी शित्सुरेइ शिमासु’, म्हणजे तुमच्या आधी निघतो याबद्दल क्षमा असावी, असे म्हणून जायचे. बाकीचे शिक्षक खेळांच्या सरावामुळे उशिरापर्यंत थांबलेले असतात, पण आपण आपल्या वेळेवर निघालो म्हणून मला कोणी कधी बोलले नाही. हिवाळ्यात वर्गात शेगडी असते, व्हरांड्यात नसते. लोकरीचे आतले कपडे बरोबर न्यावेत. आणि मार्चअखेर जवळ आला की मनाची तयारी ठेवावी, कारण सरकारी शिक्षकांच्या बदल्या तेव्हाच जाहीर होतात आणि ज्यांच्याशी वर्षभरात सूर जुळला ते थोड्याच दिवसांत दुसऱ्या शाळेत गेलेले असतात. चारही वर्षे मला हे फार लागले.

प्रतिसाद 2

मी ओसाकात खासगी संभाषणवर्गात, म्हणजे एइकाइवात, तीन वर्षे शिकवले. तिथला दिवस अगदी उलटा असतो. काम दुपारी एकच्या आसपास सुरू होऊन रात्री नऊपर्यंत चालते, शनिवार हमखास कामाचा, आणि एकाच दिवशी पाच वर्षांचे मूल व सत्तरीचे आजोबा असे दोन्ही विद्यार्थी येतात. पुढे बदल करायचा विचार असेल तर एवढे लक्षात ठेवावे, की सरकारी शाळांसाठीचा निवासपरवाना आणि खासगी वर्गांसाठीचा परवाना वेगवेगळा असतो. एकावर दुसरे काम वेगळी परवानगी घेतल्याशिवाय करता येत नाही.

मातृभाषेच्या प्रश्नाबद्दल स्वतःचा अनुभव सांगते. अडचण भरतीच्या वेळी जास्त येते. बऱ्याच ठिकाणी बारा वर्षांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावा मागतात, तेव्हा शाळेचे दाखले आजच काढून ठेवावेत. वर्गात सुरुवातीला ‘तुम्ही अमेरिकेच्या का’ असे विचारले जाई. मी शांतपणे सांगे, की मीही ही भाषा तुमच्यासारखीच शिकून मिळवली आहे. त्यानंतर प्रौढ विद्यार्थी माझ्याशी अधिक मोकळेपणाने बोलत, आपल्या चुका लपवत नसत, आणि मी कशी शिकले हे बारकाईने विचारत.

प्रतिसाद 3

कंपनीमार्फत जात असल्याने करार नीट वाचून मगच सही करावी, असे मला तळमळीने सांगावेसे वाटते. करार दोन प्रकारचे असतात. ‘हाकेन’ प्रकारात शाळेतले शिक्षक आपल्याला थेट सूचना देऊ शकतात. ‘ग्योमु इताकु’ प्रकारात काम कंपनीला कंत्राटाने दिलेले असते आणि कायद्याने शाळेला आपल्याला थेट सूचना देता येत नाहीत, म्हणजे जपानी शिक्षकाबरोबर बसून धडा ठरवणेसुद्धा अडचणीचे होते. मी दोन वर्षे दुसऱ्या प्रकारात काढली आणि शिक्षकांची इच्छा असूनही आमचे बोलणे औपचारिक राहिले. कोणता करार आहे हे लेखी विचारून घ्यावे.

ऑगस्टच्या आणि हिवाळ्याच्या सुट्टीत पगार पूर्ण मिळतो की कापला जातो, हेही विचारावे. आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाचे हप्ते कंपनी निम्मे भरते का, हे पाहणे महत्त्वाचे आहे. पूर्वी आठवड्याचे तास 29.5 दाखवून हे टाळले जात असे, परंतु ऑक्टोबर 2024 पासून 51 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत आठवड्याला 20 किंवा अधिक तास काम करणाऱ्या बहुतेकांनाही सामावून घ्यावे लागते. विमा असला की दवाखान्यात बिलाच्या 30 टक्केच भरावे लागतात. पहिल्या वर्षी हातात जरा जास्त रक्कम येते, ती सगळी खर्चू नये. रहिवासी कर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर आकारून जूनपासून मागितला जातो, त्यामुळे दुसऱ्या वर्षी तो एकदम अंगावर येतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. कराराच्या प्रकाराबद्दल मी आजच कंपनीला लिहिले आहे. शाळेतल्या जेवणाचे कसे करावे, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद 1

क्यूशोकु, म्हणजे शाळेतले जेवण, वर्गातच मुलांबरोबर होते. पांढरे अंगरखे आणि टोप्या घातलेली मुले वाढतात, रोज 200 मिलीलीटर दूध मिळते, आणि सर्वांनी एकदम ‘इतादाकिमासु’ हे जेवणापूर्वीचे कृतज्ञतेचे शब्द म्हटल्याशिवाय कोणी घास घेत नाही. भाजी किंवा सूप मांसाविना दिसले तरी त्यात बहुधा दाशी, म्हणजे माशाचा अर्क असतो, त्यामुळे तक्त्यावर पदार्थ पाहून शाकाहारी जेवण निवडता येईल यावर विसंबू नये. मीही शाकाहारी आहे. पहिल्याच दिवशी मी उपमुख्याध्यापकांना लिहून आणलेला कागद दाखवला, की मी मांस, मासे आणि दाशी खात नाही, पण डबा घेऊन मुलांबरोबरच बसू इच्छितो. त्यांनी लगेच होकार दिला. डब्यात काय आहे हे विचारायला रोज एक वेगळे टेबल मला बोलवू लागले, आणि पोळीला इंग्रजीत काय म्हणतात यावर एकदा जेवणाची वीस मिनिटे गेली. शिक्षकांनाही या जेवणाचे पैसे महिन्याला भरावे लागतात आणि ताटांची संख्या आधी कळवलेली असते, म्हणून शाळा सुरू होण्यापूर्वीच कंपनीमार्फत तिन्ही शाळांना आपले नाव वगळायला सांगावे.