शेक चालू असताना तोंड आणि घसा सोलवटला आहे, अण्णांना जेवू कसे घालावे?

प्रश्न (अंबाजोगाई)
आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, जिभेच्या मुळाशी कर्करोग झाला असून छत्रपती संभाजीनगरला त्यांचे रेडिएशन, ज्याला आपल्याकडे ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात, चालू आहे. 35 पैकी 17 शेक झाले आहेत. गेल्या आठवड्यापासून गालांची आतली बाजू लालभडक झाली असून जिभेच्या कडेला पांढुरक्या जखमा दिसतात. काल भाकरी तासभर दुधात भिजवून कुस्करून दिली, तरी पहिला घास गिळताना त्यांनी मान हाताने धरली, डोळ्यांत पाणी आले आणि वाटी बाजूला सारली. दोन आठवड्यांत वजन 3 किलोने घटले आहे. डॉक्टरांनी विचारले की ते ‘बरं आहे’ एवढेच म्हणतात. शेजारची मंडळी तुरटीच्या गुळण्या करा म्हणतात. नेमके काय करावे?

उत्तर (लातूर)
दादा, माझ्या आईला याच अवस्थेतून जाताना मी पाहिले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुरटी नको, तिने तोंड आणखी कोरडे पडते आणि जखमा झोंबतात. आमच्याकडे टँकरचे पाणी असल्याने मी रोज सकाळी एक लिटर पाणी उकळून गार करायचे, त्यात चहाचा एक चमचा मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा विरघळवायचे आणि तो तांब्या आईच्या खाटेशी ठेवायचे. दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरून थुंकून टाकायची, आणि उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचे नाही. चूळ झाली की आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने रेघ ओढायची. दिवसाला आठ रेघा झाल्या नाहीत तर मला तिला आठवण करून द्यावी लागे. येसराची मसालेदार आमटी, ठेचा, टोमॅटो, लिंबू, आंबट ताक आणि कढत चहा यांना महिना-दोन महिने पूर्ण रजा द्या. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यात दूध आणि तूप घालून, कोमट करून दिल्या की घशाखाली उतरतात. मुगाचे पातळ वरण, शिरा, साबुदाण्याची खीर आणि चालत असल्यास मऊसर अंडेही द्यावे. थोडे थोडे, पण दिवसातून सहा-सात वेळा द्या.

उत्तर (नांदेड, परिचारिका)
वरील सल्ला योग्य आहे. त्यात एक महत्त्वाची भर घालते : वेदना सोसण्यात कसलाही मोठेपणा नाही, उलट तिच्यामुळे खाणे थांबते, वजन उतरते आणि शेक मध्येच बंद पडण्याची वेळ येते, जे या आजारात नुकसानीचे असते. म्हणून अण्णांच्या ‘बरं आहे’वर विसंबू नका; आठवड्याच्या तपासणीला तुम्ही सोबत जा आणि वजन, घासांची संख्या व रात्रीची झोप यांबद्दल स्वतः सांगा. जेवणाआधी अर्धा तास घेण्याचे वेदनाशामक, तोंडातील दाह व वेदना कमी करणाऱ्या बेंझिडामाईनच्या गुळण्या किंवा बधिर करणारे लिग्नोकेनचे जेल यांपैकी काय द्यायचे, हे डॉक्टर ठरवतील. लिग्नोकेनने घसा बधिर होतो, त्यामुळे ठसका लागू नये म्हणून खाताना ताठ बसवा आणि घास लहान ठेवा. स्पिरिटयुक्त माउथवॉश टाळा. दात अतिमऊ ब्रशने घासा, कवळी असल्यास ती चुळा भरताना आणि रात्री काढून ठेवा, आणि तंबाखू किंवा मिश्री चालू असेल तर ती आजच बंद करा. पांढऱ्या जखमा असे तुम्ही लिहिले आहे. दह्याच्या साईसारखा थर दिसत असेल तर बुरशीचा संसर्गही असू शकतो आणि त्याला वेगळे औषध लागते, म्हणून ते उद्याच दाखवा. ताप 100.4 अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, पाणीही गिळवेना किंवा तोंडातून रक्त आले, तर वाट न पाहता रुग्णालयात न्या, विशेषतः सोबत केमो चालू असेल तर. नाकातून नळी घालण्याची वेळ आली तर घाबरू नका, तीही अन्नाचीच वाट आहे. शेक संपल्यावर आठवडा-दोन आठवडे त्रास असाच राहतो, नंतर हळूहळू ओसरतो.

प्रश्नकर्ता
ताई, दोघींचे मनापासून आभार. आज तपासणीला गेलो. पांढरा थर बुरशीचाच निघाला. त्यावर तोंडात लावायचे औषध आणि जेवणाआधीची वेदनाशामक गोळी सुरू झाली आहे. संध्याकाळी अण्णांनी कण्यांची अर्धी वाटी संपवली आणि आईकडे बघून तूप अजून घाल म्हणून हाताने खुणावले.