एल्फिन्स्टनला आपण जरा जास्तच मोठं केलंय का?

धागा

प्रभादेवी स्टेशनला पूर्वी ज्याचं नाव होतं तो लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० चा मुंबईचा गव्हर्नर. मी बोलतोय त्याच्या काकाबद्दल, माउंटस्टुअर्टबद्दल. १८११ पासून पुण्यात रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर आणि १८१९ ते १८२७ अशी आठ वर्षं मुंबईचा गव्हर्नर.

माझं मत सरळ सांगतो. जिंकलेला मुलूख कसा सांभाळावा, हे त्याच्याइतकं फार थोड्यांना कळलं. खडकीच्या लढाईत, ५ नोव्हेंबर १८१७ ला, संगमावरची त्याची रेसिडेन्सी जळाली, पुस्तकं नि कागदपत्रं गेली. तरी त्यानं मुलखावर सूड उगवला नाही. पाटील-कुलकर्णी जागेवर ठेवले, वतनं-इनामं जमेल तितकी राखली, दिवाणी तंटे पंचायतीकडेच जाऊ दिले, साताऱ्याची गादी प्रतापसिंह महाराजांना दिली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, तिच्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा काढली. पुढे गव्हर्नर जनरलचं पद चालून आलं, तेही घेतलं नाही.

प्रतिसाद १

"सूड नाही"? इंग्रजांना मारण्याचा कट केल्याच्या आरोपावरून यानंच माणसं तोफेच्या तोंडी दिली. हे का गाळलंत? आणि वतनं राखली ती मायेपोटी नव्हे. नुकत्या जिंकलेल्या मुलखात सरदार-इनामदार बिथरले असते तर पुन्हा फौज काढावी लागली असती. तो हिशेब होता, आणि तो चोख बसला.

धागाकर्ता

तोफांची गोष्ट खरी, मांडायला हवी होती. पण तिचा पुढचा भागही सांगा. मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरानं, नेपियननं, सुचवलं की या शिक्षेबद्दल कायद्याचं संरक्षण मागून घे. यानं नकार दिला: चुकलो असेन तर मला शिक्षा व्हावी, बरोबर असेन तर संरक्षण कशाला? शिक्षा मला क्रूरच वाटते. पण केल्याची जबाबदारी झटकणारा माणूस हा नव्हे.

प्रतिसाद २

जबाबदारी घेतल्यानं मेलेले परत येत नाहीत. असो, माझा आक्षेप वेगळा आहे, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो.

त्याचं शिक्षणावरचं १८२४ चं टिपण घ्या. मिशनऱ्यांना सर्वांत चांगले विद्यार्थी खालच्या मानलेल्या जातींत मिळतात, हे त्यात त्यानं स्वतः नोंदवलंय. आणि लगेच पुढे बजावलंय की त्यांना खास उत्तेजन देताना जपून. शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर बाकीचे त्याकडे फिरकणार नाहीत. म्हणजे मुलं हुशार आहेत हे कळत होतं, तरी दार उघडताना त्यानं हात आखडता घेतला. दक्षिणेचा पैसा विश्रामबागवाड्यात गेला तेव्हा तिथे कोण शिकत होतं? धाग्यात 'मुलूख सांभाळला' म्हणता, तो कोणाचा मुलूख?

प्रतिसाद ३

त्या काळात दुसरं काही शक्य होतं का? १८२० च्या दशकात सरकारनं तशी सक्ती केली असती तर पुण्यात गदारोळ झाला असता. शिवाय त्याचा हेतू पाहा. त्याच्या तंबूत मराठी पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानं विचारलं, ही कशासाठी? उत्तर मिळालं, इथल्या लोकांना शिकवायला, पण हाच आमचा युरोपला परतायचा रस्ता आहे. राज्य टिकवण्यासाठी आलेला अधिकारी असं बोलतो, याला किंमत आहे.

प्रतिसाद २

सक्तीचं कोणी म्हटलं? खास उत्तेजन देताना जपा, एवढंच तर तो सांगत होता. तेवढंही द्यायची तयारी नव्हती. १८२७ मध्ये तो मायदेशी निघाला, लोकांनी वर्गणी काढून त्याच्या नावानं प्राध्यापकपदं ठेवली. त्याच वर्षी जोतीराव फुले जन्मले. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांना सांगावं लागलं की महसूल रयतेच्या कष्टाचा, आणि सरकारचं शिक्षण मात्र वरच्या वर्गांच्या पदरात.

धागाकर्ता

टिपणाचा मुद्दा मला खोडता येत नाही. पंचायती आणि वतनांबद्दल मात्र मी मागे हटत नाही. त्याच्या मागून आलेल्या, प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ठरवलेल्या धाऱ्यानं (शेतसाऱ्यानं) गावं कशी मोडली, त्यावर आधी बोलू या.