‘ट्यूबलेस’मधला ‘लेस’ कोणता?

लातूरहून औशाकडे जाताना गाडी पंक्चर झाली. दुकानावर ‘ट्यूबलेस पंक्चर काढून मिळेल’ अशी पाटी होती. ती वाचून सातवीत शिकणाऱ्या भाच्याने विचारले, “मामा, लेस म्हणजे कमी ना? मग ह्या टायरात थोडी तरी ट्यूब असंल की!” दुकानदाराने चाक न खोलताच खिळा उपटला आणि त्या छिद्रात चिकट दोरी दाबून भरली. माझे काम झाले, पण शंका रास्त असल्यामुळे ती येथे मांडतो.

इंग्रजीत सारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले दोन ‘लेस’ आहेत. ‘कमी’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द तुलनादर्शक आहे. प्रत्यय म्हणून येणारा ‘लेस’ मात्र जुन्या इंग्रजीतल्या ‘मोकळा, विरहित’ अशा अर्थाच्या विशेषणापासून आला असून त्याची भावंडे जर्मनमधला ‘लोस’ हा प्रत्यय, इंग्रजीतलेच ‘लूस’ म्हणजे सैल आणि ‘लूज’ म्हणजे गमावणे ही आहेत. पुढे उच्चार आणि लेखन एकसारखे झाल्यामुळे दोघांची सरमिसळ होते. नोटाबंदीनंतर, 2016 साली, ‘कॅशलेस’ आणि ‘लेस कॅश’ हे दोन्ही शब्दप्रयोग कानांवर पडत होते. पहिल्यात रोकड नाहीच, दुसऱ्यात ती कमी आहे, आणि दोन ‘लेस’मधला फरक याहून स्वच्छ दिसणे कठीण. ‘अनलेस’ या शब्दातला ‘लेस’ मात्र कमीवाला आहे, प्रत्यय नव्हे.

हा प्रत्यय सहसा नामाला लागतो, पण क्रियापदालाही लागतो. ‘टायरलेस’ माणूस म्हणजे न थकणारा. पंक्चरच्या दुकानात हा शब्द न वापरलेलाच बरा. ‘रूथलेस’मधला ‘रूथ’, म्हणजे दया, आता एकटा फारसा कुठे भेटत नाही. ‘प्राइसलेस’ आणि ‘वर्थलेस’ यांची घडण एकच, तरी पहिला अनमोल आणि दुसरा कवडीमोल.

मराठीत हेच काम शब्दाच्या मागे लागून ‘हीन’, ‘रहित’ करतात आणि पुढे लागून ‘नि’, ‘बिन’, ‘बे’. जर्मनमध्ये बेरोजगाराला ‘आर्बाइट्सलोस’ म्हणतात, म्हणजे शब्दशः कामाविना. फारसीतून आलेल्या आपल्या ‘बेकार’ची फोडही तीच, कारण ‘कार’ म्हणजे काम. निजामी राजवट 1948 पर्यंत अनुभवलेल्या मराठवाड्यात बेदखल, बेवारस, बेचिराख हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

भाषांतरात मात्र सरसकट ‘विरहित’ चिकटवण्याची सवय मला खटकते. ‘बीजविरहित द्राक्षे’ बाजारात कोण मागेल? तेथे सीडलेस तरी म्हणतात, नाहीतर बिनबियांची. पाटीवर ‘ट्यूबलेस’ लिहिणारा तो दुकानदारसुद्धा हवा भरताना आमच्याशी बोलला ते असे: “बिगर ट्यूबचं टायर हाय, दोरी बसली म्हंजी झालं.”