रहाटाची कुरकुर: जुना सिंथ हवा की त्याचं सॉफ्टवेअर?

सराफ्यातला उंदीर (धागाकर्ता)
इंदूरच्या आमच्या हौशी मंडळींच्या एकांकिकेला विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर हवी होती. खरा रहाट मिळेना. कॉर्ग कंपनीच्या १९७८ सालच्या एमएस-२० या सिंथची (विजेवर आवाज घडवणारं वाद्य) सॉफ्टवेअर नक्कल उघडली, हायपास फिल्टरचा (खालचे सूर गाळणारी गाळणी) पीक, म्हणजे गाळणीच्या सीमेजवळचे सूर फुगवणारं बटण, शिट्टी घालेपर्यंत चढवला, कटऑफ, म्हणजे ती सीमा, एका संथ एलएफओला (हेलकावे देणारी लहर) जोडला. वीस मिनिटांत रहाट! दुसऱ्या तालमीला तोच पॅच (बटणांची मांडणी), जसाच्या तसा. प्रेक्षकांतल्या कुणाला यात सॉफ्टवेअर ऐकू आलं? जुनी यंत्रं हा निव्वळ षौक आहे, असं माझं स्पष्ट मत.

तंबोऱ्याची खुंटी
साफ अमान्य. एमएस-२० मध्ये बाहेरचा आवाज घ्यायची सोय आहे. माईकमध्ये ओरडा, तुमच्या स्वराचं व्होल्टेज होऊन ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारा भाग, त्यामागे पळतो. मी तोंडानेच कुरकुरलो असतो! 'स्टार वॉर्स'मधल्या आर्टू-डीटू या रोबोसाठी ध्वनिरचनाकार बेन बर्टने एआरपी २६०० या सिंथमध्ये स्वतःचा आवाज मिसळला, तो उगाच का?

सराफ्यातला उंदीर
त्या नकलेची इफेक्ट आवृत्तीही आहे. माईक तिलाही लावता येतो.

तंबोऱ्याची खुंटी
लावा की. ४४.१ किलोहर्ट्‌झला २५६ सॅम्पलचं बफर (आवाजाचे तुकडे साठवून पुढे पाठवायचा कप्पा) म्हणजे जाताना सुमारे ६ मिलिसेकंद उशीर, येताना तेवढाच. तोंड पुढे, रहाट मागे.

छप्पनचे पोहे
भिया, बफर कमी करा आणि भांडण मिटवा. माझी तक्रार वेगळी आहे. पीक ताणून वरचे सूर वाजवले की खालून भलतेच सूर डोकावतात, ते एलिॲसिंग. ओव्हरसॅम्पलिंग (आवाज जास्त बारीक मोजून हे कमी करायची सोय) चालू न करताच लोक 'डिजिटल आहे हो' म्हणून नाक मुरडतात. शिकायला मात्र नक्कलच बरी. एमएस-२० सारख्या सेमी-मॉड्युलर सिंथची जोडणी आतून झालेली असते, केबल खोचली की त्या जागची आतली जोडणी सुटते. हे पडद्यावर करून बघताना काही जळत नाही. पण प्रयोगाला जपून! एकदा हॉलवर नेट नव्हतं, लायसन्स तपासल्याशिवाय प्लगइन (म्हणजे असंच सॉफ्टवेअर) उघडेना, पडदा दहा मिनिटं खाली.

सराफ्यातला उंदीर
म्हणून तर आम्ही प्रयोगात आधी रेकॉर्ड केलेली वेव्ह फाइलच वाजवतो.

तंबोऱ्याची खुंटी
म्हणजे प्रयोगात सिंथ नाहीच! नटीचा हात थांबला की रहाट कोण थांबवणार?

सराफ्यातला उंदीर
...परवा तेच झालं. ती कळशी ठेवून रडायला बसली आणि रहाट आपला फिरतोय. पब्लिक हसलं. यंत्र तरीही घेणार नाही. मिडीची (कॉम्प्युटरला वाजवायचे इशारे देणारी) दोन बटणं लावतो आणि विंगेत स्वतः बसतो.

तंबोऱ्याची खुंटी
बसा. लॅपटॉप चार्ज करून.