मदत हवी आहे: गरोदरपणात बीपीसोबत ट्रायग्लिसराइडही वाढलंय

धाकट्या बहिणीला ३१वा आठवडा चालू आहे. बीपी आधी कधीच नव्हतं, विसाव्या आठवड्यानंतर वाढलं. लॅबेटालॉल ही बीपीची गोळी घेऊनही १४४/९२च्या आसपास असतं. लघवीत प्रोटीन नाही.

परवा इतर तपासण्यांबरोबर लिपिड प्रोफाइलही (रक्तातल्या चरबीची तपासणी) झालं: ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) ३१८, एकूण कोलेस्टेरॉल २६२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४१. रिपोर्टवर तिन्ही आकडे ठळक छापलेत. ते बघून तिने जेवण निम्म्यावर आणलंय, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे यकृत जास्त चरबी रक्तात सोडतं, शेवटच्या तिमाहीत ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिप्पट होऊ शकतं, हे वाचलंय. रिपोर्टवरची नॉर्मल रेंज गरोदर बायकांसाठी नसते, हेही कळलं. पण प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून किडनी, यकृत अशा अवयवांवर परिणाम होणारा आजार) झालेल्या बायकांमध्ये ट्रायग्लिसराइड त्याहूनही जास्त आणि एचडीएल कमी आढळतं, असंही वाचलं. मग हे आकडे धोक्याची सूचना समजायचे का? पुढची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे. तोवर तिला काय सांगू?

प्रतिसाद:

ताई, आधी तिला पोटभर जेवायला सांगा. बाळाची वाढ या महिन्यांतच झपाट्याने होते आणि उपाशी राहून बीपी उतरत नाही.

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, पण तो फरक अनेक बायकांच्या सरासरीतला. एकटीच्या ३१८वरून प्रीएक्लॅम्प्सिया ठरवता येत नाही. तो ठरतो बीपी, लघवीतलं प्रोटीन, प्लेटलेट, यकृताच्या तपासण्या आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) यांवरून. म्हणून तर गरोदरपणात लिपिड प्रोफाइल सगळ्यांना करायला सांगत नाहीत. ट्रायग्लिसराइड ५००च्या वर गेलं तर डॉक्टर बारकाईने लक्ष ठेवतात. हजाराच्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, पण स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी कुणी सुचवली तर स्वतःहून सुरू करू नका.

बीपी मात्र घरी रोज, पाच मिनिटं शांत बसल्यावर मोजा आणि लिहून ठेवा. १६०/११० किंवा त्यावर गेलं, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी लिपिड पुन्हा तपासा. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बायकांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो, त्यामुळे तेव्हाचा आकडा आजच्यापेक्षा जास्त कामाचा.