142857 : चक्रीय संख्या की घुमता आकडा?

आर्वीच्या बाई
आमची शाळा आर्वीजवळच्या खेड्यात. सातवीला एक भागिले सात करायला दिलं. 0.142857 आलं, आणि पुढं तेच परत परत. मग सहा पोरांच्या हाती एकेका अंकाची पाटी देऊन त्यांना रिंगणात उभं केलं. दोननं गुणलं तर 285714, तीननं 428571. पाटी कोणाचीच बदलत नाही, जागाही नाही. वाचायला कोणापासून लागायचं तेवढंच बदलतं. सहापर्यंत असंच. सातनं गुणलं की एकदम 999999! एक पोरगी ओरडली, “बाई, हा आकडा तं घुमते!” मी फळ्यावर ‘घुमता आकडा’ लिहिलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पुसून ‘चक्रीय संख्या’ केलं. माझं काय चुकलं?

वणीकर
साहेबांचं बरोबर आहे. अंक दहाच, 142857 ही संख्या. शिवाय मराठीत पारवा घुमतो, अंगात आलं की माणूस घुमतो. फिरणं या अर्थाचं घुमणं हिंदीतलं.

अकोटची लेक
असेल. पण माझी आजी उन्हातून आल्यावर विचारायची, “कुठं घुमून रायली वं?” तिला हिंदीचं एक वाक्य धड येत नव्हतं. तिच्या तोंडचा शब्द मी परका मानणार नाही.

पुसदकर
मला खटकतो तो ‘आकडा’. आमच्याकडं आकडा म्हणजे सट्ट्याचा, नाही तर रात्री तारेवर टाकतात तो. पोरांना कशाला?

दर्यापूरचे काका
तारेवरचा आकडा अन् पाटीवरचा आकडा एकाच घरचे, भाऊ. संस्कृतात ‘अंक’ शब्दाचा एक अर्थ वाकडा गळ असाच आहे. वाकडी खूण काढली की झाला अंक, असं मी तरी समजतो.

वणीकर
काका, शास्त्रात संस्कृत शब्दच टिकतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ म्हटलं. जगभर तेच नाव चालतं. बाईंची 142857 सुद्धा हर्षद आहे. बेरीज 27, भागाकार 5291.

अकोटची लेक
त्याच कापरेकरांनी संख्यांच्या दुसऱ्या एका प्रकाराला ‘डेम्लो’ नाव दिलं, ते रेल्वे स्थानकावरून! स्थानक चालतं, मग सातवीतल्या पोरीचा शब्द का नाही?

आर्वीच्या बाई
आज पोरींनी आपणहून एकाला 13 नं भागलं. 076923 निघालं. दोननं गुणलं तर 153846, रिंगणाच्या बाहेरच. तीननं गुणलं तर 230769, परत पहिल्या रिंगणात. बारा पाट्या लागल्या, दोन रिंगणं झाली. आता याला काय म्हणू?

वणीकर
आधी हे सांगा, 076923 ला संख्या म्हणायचं का? पुढचं शून्य सोडलं तर पाचच अंक उरतात, अन् रिंगण मोडतं.